बारवीच्या वाटेवर सायकल

निवांत सायकल चालवायला सोनिवलीकरांना फार लांब जायला नको. बदलापूरहून बारवी धरणाकडे जाणारा रस्ता आहेच. पुढे तो जंगलातून, चढउतारांवरून मुरबाडकडे जातो.

पहाटेच निघावं. सुट्टीच्या दिवशी ऊन चढलं की मोटारी वाढतात. चढ लागण्याआधीच गिअर हलका करावा. उतारावर मात्र मोह होतो, कारण रस्ता मोकळा दिसतो. पण वळणापलीकडे डोक्यावर मोळी घेतलेली बाई किंवा गुरं असू शकतात. म्हणून वळणाच्या आधीच दोन्ही ब्रेक थोडेथोडे दाबून वेग उतरवावा. पावसाळ्यात ओल्या पाल्यावर ब्रेक दाबला, तर चाक घसरतं.

आणि हो, धरणाच्या पाण्यात उतरू नये, कचराही टाकू नये. हेच पाणी उल्हासनगर, कल्याण-डोंबिवलीच्या नळांना येतं.