टाळ, श्वास आणि डबल बेल

एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी केली. निवृत्त झालो तरी रात्री कानात डबल बेल वाजायची, झोप लागायची नाही. गल्लीतले बुवा म्हणाले, "मास्तर, संध्याकाळी देवळात हरिपाठाला येत चला."

हातात टाळ आले. आठवडाभर दोरी बोटांना काचली आणि प्रत्येक ओळ निम्म्यावर आली की दम तुटायचा. बुवा म्हणायचे, "ओळ संपेस्तोवर श्वास पुरवा, मग सावकाश भरून घ्या." हळूहळू जमलं.

म्हणताना श्वास सोडायला वेळ लागतो, म्हणून मिनिटातले श्वास कमी होतात. 2001 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये इटलीतल्या संशोधकांचा अभ्यास छापून आला. 23 निरोगी माणसांनी जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि एक बौद्ध मंत्र म्हटला. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला. नाडी आणि रक्तदाबाची लयही त्याच्याशी जुळली. एरवी बसल्याजागी आपण बारा ते वीस श्वास घेतो.

बीपीची गोळी मी सोडलेली नाही, कुणी सोडूही नये. पण टाळ पिशवीत घालून घरी आलो की अंथरुणावर पडल्या पडल्या डोळा लागतो. डबल बेल अलीकडे ऐकू येत नाही.