संगणकाचे सुटे भाग : जोडी जुळवायची कशी?

पूर्णा ते अकोला हा लोहमार्ग वसमत, हिंगोली, वाशीम या गावांवरून जातो. २००८ साली तो रुंदमापी झाला. त्यापूर्वी तो मीटरमापी होता, म्हणजे त्याच्या दोन रुळांतील अंतर १००० मिलिमीटर होते. अकोल्यावरून जाणाऱ्या मुंबई-नागपूर मार्गाच्या रुळांतील अंतर मात्र १६७६ मिलिमीटर. त्यामुळे एका मार्गावरचा डबा दुसऱ्या मार्गावर जाऊ शकत नसे. माल उतरवून पुन्हा भरावा लागे. डबे चांगले होते, इंजिने चांगली होती, रूळही मजबूत होते. फक्त त्यांचे एकमेकांशी जमत नव्हते.

संगणकाच्या सुट्या भागांचेही असेच असते. समजा, नांदेड-हिंगोली रस्त्यावरच्या डोंगरकडा गावातील एका विद्यार्थ्याला जुन्या संगणकावर नवे खेळ खेळायचे आहेत. हळदीच्या पट्टीतून घरच्यांनी मोठ्या कष्टाने काही हजार रुपये बाजूला काढून दिले. त्याने नांदेडहून भारी ग्राफिक्स कार्ड आणले, आणि ते बसलेच नाही. किंवा बसले, पण खेळ पूर्वीइतकाच अडखळत चालला! भाग खराब नव्हता, जोडी चुकली होती. ही चूक टाळण्यासाठी लागणारे गणित आठवी-नववीचेच आहे. तेव्हा ‘खेळ’ हा शब्द ऐकून शिक्षकांनी कपाळाला आठ्या घालू नयेत.

निरनिराळ्या कारखान्यांचे भाग जुळतात कसे?

१९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएम या अमेरिकन कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्याच्या रचनेची माहिती तिने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली आणि आत जादा कार्डे बसवण्यासाठी खाचा ठेवल्या. साहजिकच इतर कारखानेही त्या मापाचे भाग बनवू लागले. पुढे मापांची प्रमाणे ठरत गेली. १९९५ साली आलेल्या एटीएक्स या प्रमाणानुसार मदरबोर्ड ३०५ मिलिमीटर लांब व २४४ मिलिमीटर रुंद असतो. म्हणूनच आज मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एका दुकानातून मदरबोर्ड आणि दुसऱ्या दुकानातून कॅबिनेट घेतले, तरी स्क्रूची भोके बरोबर जुळतात.

पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला, तोही बाजारात मिळणाऱ्या प्रक्रियकांपासूनच. ‘ट्रान्सप्युटर’ नावाच्या या प्रक्रियकांना शेजाऱ्यांशी जोडण्यासाठी प्रत्येकी चार दुवे होते. एकेकटा प्रक्रियक काही महासंगणक नव्हता. ते एकमेकांशी नीट जोडता येत होते, यात खरी गोम होती.

आधी पाहा, अडते कोठे?

नेहमीच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार करा : २०,७३,६०० ठिपके. हालचाल सलग दिसावी म्हणून सेकंदाला ६० चित्रे काढायची, तर दर सेकंदाला १२,४४,१६,००० ठिपक्यांचे रंग ठरवावे लागतात. हे काम ग्राफिक्स कार्डाचे. चेंडू कोठे गेला, भिंतीला कोण धडकले, गुण किती झाले, हा हिशेब मात्र प्रोसेसर करतो. प्रोसेसरने एका चित्राचा हिशेब कार्डाच्या हवाली केला, की तो पुढच्या चित्राच्या हिशेबाला लागतो.

आता गुऱ्हाळ डोळ्यांपुढे आणा. चरक तासाला १२० लिटर रस काढतो आणि काहिलीत तासाला ३०० लिटर रस आटू शकतो. गूळ किती रसाचा होईल? १२० लिटरचाच. काहील दुप्पट मोठी आणली, तरी गूळ वाढणार नाही.

संगणकातही हेच घडते. समजा, एका चित्राच्या हिशेबाला प्रोसेसर २० मिलिसेकंद घेतो आणि ते रंगवायला कार्ड ८ मिलिसेकंद घेते. कार्ड सेकंदाला १००० ÷ ८ = १२५ चित्रे काढू शकेल; पण प्रोसेसर १००० ÷ २० = ५० चित्रांचाच हिशेब पुरवतो. म्हणून पडद्यावर ५० चित्रे दिसतील. ४ मिलिसेकंदांत रंगवणारे कार्ड आणले, तरी ५० च! पैसे गेले, फरक शून्य.

उलट, त्याच संगणकाला ३८४० × २१६० ठिपक्यांचा पडदा लावला, तर ठिपके चौपट होतात. जुन्या कार्डाला साधारण ३२ मिलिसेकंद लागतील आणि सेकंदाला जेमतेम ३१ चित्रे निघतील. आता अडवणूक कार्डाची झाली. म्हणजे ‘चांगले कार्ड कोणते?’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या प्रोसेसरबरोबर आणि कोणत्या पडद्यासाठी, हे सांगितल्यावाचून त्याला उत्तर नाही.

अडते कोठे, हे फुकटात तपासता येते. खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन ठिपक्यांची संख्या कमी करा. चित्रांचा वेग वाढला, तर कार्ड कमी पडत होते. मुळीच वाढला नाही, तर बहुधा प्रोसेसर कमी पडतो आहे.

भोके सारखी, तरी जोडी नाही

प्रोसेसर मदरबोर्डावरच्या ज्या चौकोनी घरात बसतो त्याला सॉकेट म्हणतात. एएमडी कंपनीच्या २०१६ च्या एएम४ सॉकेटमध्ये १३३१ टाचण्यांची सोय आहे, तर २०२२ च्या एएम५ सॉकेटमध्ये १७१८ संपर्कबिंदू आहेत. एकातला प्रोसेसर दुसऱ्यात बसत नाही.

पण नुसते आकडे मोजून भागत नाही. इंटेल कंपनीचा ११५१ बिंदूंचा सॉकेट २०१५ साली आला. २०१७ साली आलेल्या आठव्या पिढीच्या प्रोसेसरांनाही ११५१ च बिंदू होते. तरी त्यांच्यासाठी नवा मदरबोर्ड घ्यावा लागला, कारण काही बिंदूंना नेमून दिलेले काम बदलले होते. कुलपात किल्ली शिरली, म्हणजे ती फिरतेच असे नाही! शिवाय मदरबोर्डात बायोस नावाची एक छोटी आज्ञावली असते. तिला प्रोसेसरची ओळख हवी. २०१८ च्या मदरबोर्डावर २०२० चा प्रोसेसर बसवायचा, तर आधी बायोस नवे करून घ्यावे लागते. म्हणून मदरबोर्डाच्या कंपनीने प्रसिद्ध केलेली प्रोसेसरांची यादी पाहिल्यावाचून खरेदी करू नये.

रॅमची गंमत अशीच आहे. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांना २८८ च संपर्क असतात. पण पहिलीला १.२ व्होल्ट लागतात, दुसरीला १.१ व्होल्ट, आणि विजेची व्यवस्थाही निराळी असते. चुकून एक दुसऱ्याच्या जागी जाऊ नये म्हणून पट्टीच्या कडेवरची खाच निराळ्या ठिकाणी ठेवली आहे. तेव्हा पट्टी जात नसेल, तर जोर लावू नका. ती खाच तुम्हाला काही सांगत असते.

वॅटचा हिशेब

समजा, प्रोसेसर ६५ वॅट, कार्ड १६० वॅट आणि उरलेले सारे ५० वॅट घेते. बेरीज २७५ वॅट. कार्डाला मदरबोर्डाच्या खाचेतून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. उरलेल्यासाठी एसएमपीएसमधून वेगळी वायर लागते : सहा टाचण्यांची वायर ७५ वॅटची, आठ टाचण्यांची १५० वॅटची. कचेऱ्यांतून निघालेल्या जुन्या तयार संगणकांत ही वायर पुष्कळदा नसतेच.

एसएमपीएसवर ‘४५० वॅट’ असे ठळक लिहिले असले, तरी तेवढ्यावर विसंबू नका. बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टची ओळ वाचा. तेथे १८ अँपिअर असेल, तर १२ × १८ = २१६ वॅटच मिळणार; प्रोसेसर आणि कार्ड मुख्यतः याच ओळीवर चालतात. त्या दोघांनाच मिळून २२५ वॅट हवेत, म्हणजे हा एसएमपीएस अपुरा! हिशेबापेक्षा निदान दीडपट शक्ती ठेवावी.

स्वस्त, बारीक जोडवायर का वितळते, तेही पाहा. तेवढीच शक्ती २३० ऐवजी १२ व्होल्टवर न्यायची, तर विद्युतप्रवाह सुमारे १९ पट लागतो. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे त्याच तारेत ती साडेतीनशे पटींहून अधिक होईल.

मराठवाड्याचा मे महिना

प्रोसेसर भोवतालच्या हवेपेक्षा किती अंश तापतो, हे त्याची शक्ती आणि त्यावरचा पंखा यांवर ठरते. हा फरक ५० अंश धरा. खोलीत २५ अंश असताना प्रोसेसर ७५ अंशांवर राहील. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पारा ४३ अंशांवर गेला, की तोच प्रोसेसर ९३ अंशांवर पोचेल. सुमारे ९५ ते १०० अंशांना बरेच प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतात. थंड देशातल्या परीक्षणात उत्तम ठरलेली जोडी येथे दुपारी का अडखळते, ते आता लक्षात आले ना? म्हणून पंखा एक पायरी वरचा घ्यावा आणि हवेच्या वाटेतील धूळ महिन्या-दोन महिन्यांनी झाडावी.

करून पाहा

शाळेतील एखादा बंद पडलेला संगणक शिक्षकांच्या देखरेखीखाली उघडा. आधी वायर भिंतीतून काढा आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगावरची स्थिरविद्युत घालवा. एसएमपीएसची पेटी मात्र कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही तिच्यातील धारित्रांत तीनशेहून अधिक व्होल्टचा भार काही काळ राहू शकतो.

मग वहीत सहा नोंदी करा : मदरबोर्डाचे नाव व क्रमांक, सॉकेट, रॅमचा प्रकार, एसएमपीएसची १२ व्होल्टची ओळ, जादा वायरी आणि कार्डासाठी मोकळी असलेली लांबी मिलिमीटरमध्ये. सहावी नोंद पट्टीने मोजायची आहे; अंदाज चालणार नाही. हा कागद खिशात घालून दुकानात जा. दुकानदार कोणताही भाग पुढे करो, या सहा नोंदींशी तो जुळतो का, हे तुम्हीच तपासा. एकाही नोंदीशी जुळला नाही, तर तो कितीही स्वस्त मिळाला तरी महागच.