राजाची काठी, भिकाऱ्याची काठी

होमरचे 'इलियड' मूळ ग्रीकमधून वाचायला मी चाळिशी उलटल्यावर बसलो. गुरू नव्हता. एक कोश, व्याकरणाचे जुने पुस्तक आणि वही एवढेच भांडवल होते. पहिल्याच सर्गाच्या आरंभी 'स्केप्ट्रॉन' हा शब्द आला. इंग्रजीतला 'सेप्टर' त्यावरूनच आलेला, म्हणून वहीत बिनदिक्कत 'राजदंड' लिहिले आणि पुढे गेलो. वास्तविक तिथे तो राजाच्या हातात नाहीच, अपोलोच्या पुजाऱ्याच्या हातात आहे. तेवढ्यावरूनही मी सावध व्हायला हवे होते.

चूक कळली ती 'ओडिसी'च्या तेराव्या सर्गात. वीस वर्षांनी घरी परतलेल्या ओडिसियसला अथीना देवी भिकाऱ्याचे सोंग देते. कातडी सुरकुतते, केस झडतात, अंगावर चिंध्या येतात. शेवटी ती त्याच्या हाती एक फाटकी झोळी देते, आणि स्केप्ट्रॉन. भिकाऱ्याच्या हातात राजदंड कसा?

मग कोश नीट उघडला. लिडेल आणि स्कॉट यांच्या कोशात 'टेकण्यासाठी घेतलेली काठी' हा अर्थ आधी येतो आणि सत्तेचे चिन्ह हा नंतर. शब्दाच्या मुळाशी असलेल्या क्रियापदाचा अर्थच टेकणे, रेलणे, भार टाकणे असा आहे. म्हणजे आधी काठी, मग राजा.

हे ध्यानात ठेवून 'इलियड'चा दुसरा सर्ग पुन्हा वाचला. तिथे ॲगमेम्नॉनच्या स्केप्ट्रॉनची वंशावळ दिली आहे. हेफायस्टसने तो घडवून झ्यूसला दिला, झ्यूसने हर्मीसला, हर्मीसने पेलोप्सला. पुढे अत्रेउस, थिएस्टीस आणि अखेर ॲगमेम्नॉन. एवढी थोरवी सांगून झाल्यावर ॲगमेम्नॉन करतो काय? त्यावर रेलतो आणि बोलू लागतो. वंशावळ राजदंडाची, पण उपयोग काठीचा.

शिवाय ही वस्तू एकट्या राजाची नव्हे. सभेत जो बोलायला उभा राहील त्याच्या हाती ती दिली जाते. अठराव्या सर्गात अकिलिसच्या ढालीवर न्यायनिवाड्याचे दृश्य कोरलेले आहे. तिथे वृद्ध पंच घासून गुळगुळीत केलेल्या दगडांवर बसलेत आणि दवंडीवाल्यांच्या काठ्या हाती घेऊन पाळीपाळीने उठून निवाडा सांगताहेत. हातात काठी असेतोवर शब्द त्याचा. पहिल्या सर्गात अकिलिस तिचीच शपथ घेतो: डोंगरात बुंध्यापासून तोडलेल्या, साल आणि पाने तासून टाकलेल्या या लाकडाला पुन्हा पालवी फुटणार नाही. आणि सोन्याचे खिळे ठोकलेली ती काठी जमिनीवर आपटतो. 'ओडिसी'च्या दुसऱ्या सर्गात ओडिसियसचा कोवळा मुलगा टेलेमाकसही भरसभेत ती फेकतो, पण रडत. एकाच कृतीतला हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

ती मारायच्याही कामी येते. थर्सायटीस हा सामान्य शिपाई राजाला तोंडावर बोलतो, तेव्हा ओडिसियस ॲगमेम्नॉनच्याच स्केप्ट्रॉनने त्याच्या पाठीवर वळ उठवतो. बोलण्याचा हक्क देणारी वस्तू इथे बोलणाऱ्याचे तोंड बंद करते. आपल्या 'दंड' शब्दात काठी आणि शिक्षा शेजारी नांदतात, त्यामुळे मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही.

ग्रीकमध्ये काठीला इतर शब्द नव्हते असे नाही. सर्सीची जादूची कांडी 'राब्डॉस'. अथेन्सच्या ज्यूरींना न्यायालयाच्या रंगाची काठी मिळे, ती 'बाक्टेरिया'. (एकोणिसाव्या शतकात एरेनबर्ग यांनी सूक्ष्मदर्शकातल्या काठीसारख्या जिवांना याच शब्दकुळातले नाव दिले. आपल्या घशातले बॅक्टेरिया म्हणजे मुळात छोट्या काठ्या!)

पण शब्दाचे सगळे ओझे पेलले ते सोफोक्लिसने. 'राजा इडिपस' नाटकात आंधळा द्रष्टा टायरेसियस भाकीत करतो, की राजाचा हत्यारा आंधळा आणि भिकारी होऊन परमुलखात स्केप्ट्रॉनने जमीन चाचपत जाईल. पुढे इडिपस स्वतःच सांगतो, की तिठ्यावर रथातल्या त्या म्हाताऱ्याला आपण एका फटक्यात लोळवले, ते हातातल्या स्केप्ट्रॉनने. तो म्हातारा त्याचा बाप होता. नाटककाराने दोन्हीकडे एकच शब्द ठेवला. अनुवादक पहिल्याला 'काठी' आणि दुसऱ्याला 'दंडा' म्हणतो, तेव्हा हा दुवा तुटतो. 'कोलोनसमधील इडिपस' या नंतरच्या नाटकात क्रेऑन त्याच्या दोन्ही मुलींना पकडतो आणि सुनावतो, की आता या दोन स्केप्ट्रॉनांच्या आधाराने तू चालणार नाहीस. संस्कृतप्रमाणे ग्रीकलाही द्विवचन आहे, आणि इथे ते वापरले आहे. आपण 'आंधळ्याची काठी' म्हणतो, तेच हे.

दुसऱ्या शतकातला प्रवासी पॉसेनियस सांगतो, की कायरोनिया गावचे लोक ॲगमेम्नॉनच्या स्केप्ट्रॉनची पूजा करत आणि त्याला 'भाला' म्हणत. तो शेजारच्या मुलखाच्या सीमेवर सोन्यासह सापडला. शेजाऱ्यांनी सोने घेतले, यांनी आनंदाने काठी घेतली. तिला देऊळ नव्हते. ज्या वर्षी जो पुजारी असेल त्याच्या घरी ती राही आणि रोज तिच्यापुढे मांस व पोळ्यांचे ताट मांडले जाई. जोतिबाच्या सासनकाठ्या पाहिलेल्यांना याचे नवल वाटू नये.

वहीतला 'राजदंड' मी खोडला आहे. सर्वत्र 'काठी' लिहिले. ॲगमेम्नॉनच्या प्रसंगी हात अडखळतो, पण तिथेही काठीच ठेवली.