अस्तंब्यावर हुडहुडी का भरते?

जळगाव, धुळे म्हटले की मे महिन्यातला ४५ अंशांकडे धावणारा पारा आठवतो. खानदेशच्या माणसाला थंडीची भीती कोण घालणार? पण दिवाळीत सातपुड्यातल्या अस्तंब्याची यात्रा केलेल्या कोणालाही विचारून पाहा!

या शिखराची उंची १३२५ मीटर. १९९८ पर्यंत ते धुळे जिल्ह्यात होते; आता नंदुरबार जिल्ह्यात आहे. अश्वत्थामा येथे वावरतो, अशी श्रद्धा. म्हणून धनत्रयोदशीच्या सुमारास हजारो यात्रेकरू तळोद्याकडून डोंगर चढतात. तापीकाठची जमीन जेमतेम दीड-दोनशे मीटर उंचीवर आहे, म्हणजे चढ अकराशे मीटरांहून अधिक.

तुम्ही म्हणाल, वर गेलो म्हणजे सूर्याच्या जवळ गेलो. मग ऊब वाढायला हवी. पण सूर्य पंधरा कोटी किलोमीटर दूर! त्यात एका किलोमीटरची काय मातब्बरी? हवा तापते ती मुख्यतः खालून, तापलेल्या जमिनीमुळे. अशी हवा वर चढते, कमी दाबामुळे फुगते आणि फुगताना आपली उष्णता खर्च करते. कोरडी हवा दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी निवते. तिच्यात पुरेसे बाष्प असेल तर वाटेतच ढग बनतो. म्हणून तर पायथ्याशी लख्ख ऊन आणि माथा धुक्यात, असे घडते.

निरभ्र, शांत रात्री मात्र हिशेब उलटतो. उतारावरची हवा निवून जड होते आणि पाण्यासारखी ओघळत दरीत साचते. अशा रात्री नाल्याकाठचा मुक्काम उतारावरच्या मुक्कामापेक्षा गार असतो.

पण खरा घातकी म्हणजे घाम. चढताना सदरा भिजतो, माथ्यावर वारा लागतो. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषतो, आणि तीही बरीचशी आपल्याच अंगातून! शिवाय अंगालगतचा उबदार हवेचा थर वारा उडवून नेतो. म्हणूनच हवा १५ अंशांवर असतानाही दात वाजू लागतात. पिशवीतला एक कोरडा सदरा अशा वेळी जाड, पण ओल्या स्वेटरपेक्षा मोलाचा.

शरीराचे तापमान ३५ अंशांखाली गेले की धोका सुरू होतो. कुडकुडणारा सोबती अडखळत बोलू लागला, किंवा थरथर थांबून सुस्तावला, तर त्याला बरे वाटले असे समजू नका. त्याला आडोशाला न्या, ओले कपडे बदला, घोंगडीत गुंडाळा. नीट शुद्धीवर असेल तरच गरम, गोड चहा पाजा आणि लगेच मोठ्यांना हाक मारा.