पुरावा मण्याच्या भोकात

इराकमधल्या उर या प्राचीन शहरात लिओनार्ड वूली यांनी १९२२ ते १९३४ या काळात उत्खनन केलं. तिथल्या राजघराण्याच्या दफनभूमीत, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी पुरलेल्या राणी पुआबीच्या अंगावर सोनं, निळा लाजवर्द आणि तांबडा अकीक यांच्या मण्यांच्या माळाच माळा निघाल्या. मेसोपोटेमियाच्या गाळाच्या मैदानात असले दगड मिळत नाहीत. लाजवर्द यायचा अफगाणिस्तानातल्या बदख्शानमधून, तर उत्तम अकीकाच्या खाणी गुजरातेत भरूचजवळ रतनपूरला आहेत. दगड कुठला हे असं कळतं; पण मणी कोणी घडवला?

त्याचं उत्तर मण्याच्या भोकात सापडतं. अकीक हा क्वार्ट्झचाच प्रकार. पोलादी सुरीनेही त्यावर ओरखडा उठत नाही. खाणीतून तो बऱ्याचदा पिवळट किंवा करड्या रंगाचा निघतो. आच दिली की त्यातल्या लोहाच्या संयुगातलं पाणी उडून जातं आणि दगड तांबडा होतो. मग तो ठोकून आकाराला आणायचा आणि घासायचा. खरी कसोटी पुढेच असते, ती म्हणजे लांबलचक मण्याला आरपार भोक पाडण्याची.

सिंधमधल्या चन्हुदडो या सिंधू संस्कृतीच्या ठिकाणी अर्नेस्ट मॅके यांना १९३५-३६ मध्ये मण्यांची कार्यशाळा सापडली. तिथली गिरमिटाची टोकं एका विलक्षण कठीण दगडाची होती. पुढे संशोधकांनी मॅके यांच्या नावावरून त्याला ‘अर्नेस्टाइट’ म्हटलं. पुरातत्त्वज्ञ जोनाथन मार्क केनोयर यांनी अशा टोकाने अकीक विंधून पाहिला, तेव्हा तासाला जेमतेम अडीच मिलिमीटर काम झालं. या हिशेबाने दहा सेंटिमीटरच्या मण्याला नुसतं भोक पाडायलाच चाळीस तास लागतात. हडप्पाकालीन मणी परदेशात एवढे मोलाचे का ठरले, ते यावरून उमगतं.

प्रत्येक प्रकारचं टोक भोकाच्या आतल्या भिंतीवर आपापल्या खुणा ठेवतं. संशोधक भोकात सिलिकोन भरून त्याचा ठसा काढतात आणि तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. उरच्या काही मण्यांमध्ये नेमक्या सिंधू खोऱ्यातल्या तंत्राच्या खुणा आढळल्या. गंमत अशी, की त्यांतल्या काहींचे आकार मेसोपोटेमियाच्या आवडीचे, सिंधू खोऱ्यात न आढळणारे आहेत. म्हणजे एकतर परदेशी गिऱ्हाइकाच्या मागणीनुसार इकडे माल तयार होत असावा, किंवा कारागीरच तिकडे जाऊन राहिले असावेत.

दुसऱ्या शक्यतेला लिखित पुराव्यांचा आधार मिळतो. मेसोपोटेमियाच्या लेखांत ‘मेलुहा’ नावाचा देश येतो. बहुतेक अभ्यासकांच्या मते तो सिंधू संस्कृतीचाच प्रदेश. मेलुहाची जहाजं आपल्या अक्कद नगरीच्या धक्क्याला लागतात, असा अभिमान सम्राट सार्गोनने कोरून ठेवला. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या एका अक्कदकालीन मुद्रेवर शू-इलीशू याची ओळख ‘मेलुहाचा दुभाषी’ अशी आहे. त्यानंतरच्या काळातल्या मातीच्या पाट्यांवर लगाश शहराच्या परिसरातलं ‘मेलुहाचं गाव’ नोंदलेलं आहे. व्यापारी हंगाम साधून परत जातात; गाव वसतं ते मुक्काम ठोकलेल्या माणसांचं. मण्यांच्या आकारांचं कोडं सोडवताना या गावाचा विचार करावाच लागतो.