समुद्रातली रंगीत गोगलगाय



पावसाळ्यात भिंतीवर चढणारी गोगलगाय आपण सर्वांनी पाहिली आहे. तिची एक दूरची भावकी समुद्रात राहते. पिल्लू असतानाच तिचा शंख गळून जातो आणि श्वास घेण्याचे कल्ले पाठीवर उघडेच राहतात. बहुतेक जाती बोटाच्या पेराएवढ्या. पण निळे, पिवळे, जांभळे रंग असे की लग्नातला शालूही फिका पडावा.

हे रंग नटण्यासाठी नाहीत. अनेक जाती विषारी स्पंज खातात आणि तेच विष अंगात साठवतात. ‘मला खाल तर पस्तावाल’ असा इशारा माशांना त्या रंगातून मिळतो. गंमत म्हणजे तिच्या डोळ्यांना फक्त उजेड-अंधार कळतो. स्वतःचे रूप तिला कधीच दिसत नाही. डोक्यावरच्या दोन शिंगांनी वास घेत ती अन्न शोधते.

तिला पाहण्यासाठी लोक पाठीला हवेची टाकी बांधून पाण्यात उतरतात. कूस्तो आणि गान्यां यांनी १९४३ साली फ्रान्समध्ये हे साधन सिद्ध केले. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, म्हणून श्वास कोंडायचा नाही आणि वर येताना घाई करायची नाही. पाण्यात लाल रंग प्रथम नाहीसा होतो, म्हणून फोटोसाठी दिवा सोबत लागतो.

ऑस्ट्रेलियातील नेल्सन बे येथे २०१३ साली या गोगलगाईंची गणती सुरू झाली. प्राध्यापक स्टीफन स्मिथ यांच्या या उपक्रमात फोटो काढतात ती सामान्य माणसे. फोटो, ठिकाण आणि तारीख दिली की तज्ज्ञ जात ओळखतात. उष्ण पाण्यातल्या जाती दक्षिणेकडे सरकत असल्याचे अशा नोंदींतून दिसले. समुद्र तापतो आहे, याचा हा पुरावा सामान्यांच्या हातून मिळाला.

आपल्याकडे तारकर्लीला हे डायव्हिंग शिकवतात, पण त्याला पैसा लागतो. मात्र मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी डबक्यांतही या गोगलगाई दिसतात. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा गट २०१७ पासून लोकांना तेथे घेऊन जातो. भरती-ओहोटीची वेळ पाहून, जाणत्या माणसासोबत मुलांना न्यावे. प्राण्यांना हात लावू नये, दगड उलटला तर पूर्ववत ठेवावा.

विज्ञान हे मोठ्या पदवीवाल्यांचे काम, असे आपल्या मुलांना वाटू देऊ नका. ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. वही, पेन्सिल आणि उघडे डोळे घेऊन डबक्याशी बसलेली आपली मुलगी तेच करीत असते. तिने नोंदलेली एक तारीखही उद्या कुणाला तरी उपयोगी पडेल.

जय भीम!