धूळ कुठली, तलवार कुठली?

ऐतिहासिक चित्रपटातली एखादी लढाई आठवा. मावळ्यानं पट्टा फिरवला, पात्यानं ऊन पकडलं आणि पडद्यावर एक पांढरी रेघ लखलखून गेली. चित्रपटात सेकंदाला 24 चौकटी असतात आणि ही रेघ त्यातल्या एकाच चौकटीत असते, फार तर दोन. आता त्याच चित्रपटाच्या निगेटिव्हवर धुळीचा एक कण बसलेला आहे. प्रिंट काढताना तो उजेड अडवतो, म्हणून पडद्यावर पांढरा उमटतो, तोही एकाच चौकटीत. जुने चित्रपट साफ करणाऱ्या संगणकाला या दोन पांढऱ्या खुणांमधला फरक कळत नाही. मोकळा सोडला तर तो दोन्ही पुसून टाकतो.

या अडचणीचा कोल्हापूरशी जवळचा संबंध आहे, कारण मराठी तलवारीचा चित्रपट याच मातीत घडला. बाबूराव पेंटरांनी 1923 मध्ये ‘सिंहगड’ काढला तो मूकपट होता. देशात बनलेल्या तेराशेच्या आसपास मूकपटांपैकी आज जेमतेम तीसेक उरले आहेत आणि त्यातले बरेचसे तुकड्यांत. पुढे भालजी पेंढारकरांनी शिवकाल हा आपला आयुष्यभराचा विषय केला: 1952 चा ‘छत्रपती शिवाजी’, 1956 चा ‘पावनखिंड’, 1964 चा ‘मराठा तितुका मेळवावा’. गांधीहत्येनंतर 1948 मध्ये उसळलेल्या जाळपोळीत त्यांचा जयप्रभा स्टुडिओ पेटला. त्या आगीत ‘मीठभाकर’ गेला, आणि भालजींनी तो पुन्हा पहिल्यापासून चित्रित केला.

पन्हाळ्याच्या वेढ्याची गोष्ट पडद्यावर आणायची म्हणजे काय काय दाखवावं लागेल, याचा जरा विचार करा. जुलै 1660 ची पावसाळी रात्र, सिद्दी जौहरच्या चौक्या, शिवा काशीदची पालखी, चिखलातून विशाळगडाकडे निघालेले मावळे, मशालींच्या ठिणग्या आणि घोडखिंडीत बाजीप्रभूंची तलवार. पाऊस, ठिणगी, चिखलाचा शिंतोडा आणि पात्याची चमक या सगळ्यांचं आयुष्य एका-दोन चौकटींचं. आपोआप सफाई करणाऱ्या यंत्राच्या लेखी हा सगळा कचराच.

यंत्राचा तर्क असा. मधली चौकट घ्यायची, आधीची आणि नंतरची तिच्याशेजारी ठेवायची. कॅमेरा किंवा माणूस हलला असेल तर किती हलला ते मोजून तिन्ही चौकटी जुळवायच्या. एवढं करून जे फक्त मधल्या चौकटीत दिसतं ते बाहेरून आलेलं मानायचं आणि ती जागा शेजारच्या चौकटींवरून भरून काढायची. संथ दृश्यात हे झकास चालतं. तलवारीचं गणित मात्र वेगळं आहे. कॅमेऱ्याचं शटर साधारणपणे सेकंदाच्या 48 व्या भागाइतकं उघडं राहतं. पात्याचं टोक सेकंदाला दहा मीटर वेगानं जात असेल, तर तेवढ्या वेळात ते वीस सेंटिमीटर सरकतं. पुढचे वीस सेंटिमीटर शटर मिटलेलं असताना निघून जातात. म्हणजे एका चौकटीत पात्याचा फराटा एका जागी, तर पुढच्या चौकटीत भलत्याच जागी. दोन्हींना जोडणारं काही नसल्यामुळे यंत्र गोंधळतं. मग कधी पात्याचं टोक गळतं, तर कधी मुठीपुढे हवाच उरते. वाईट रिस्टोरेशन झालेल्या लढाया बघताना हात फिरतात पण वार लागत नाहीत असं वाटतं, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं.

रंगीत फिल्मसाठी एक चांगली युक्ती आहे. स्कॅनरमधून साध्या प्रकाशाबरोबर अवरक्त किरणही सोडायचे. रंगीत फिल्ममधली रंगद्रव्यं हे किरण आरपार जाऊ देतात, धूळ आणि ओरखडे मात्र अडवतात. त्यामुळे कुठे घाण आहे याचा नकाशाच हाती येतो. पण कृष्णधवल फिल्ममधलं चित्र चांदीच्या कणांचं असतं आणि चांदी अवरक्त किरणांनाही अडवते. सगळंच काळं दिसतं, नकाशा मिळत नाही. भालजींच्या कृष्णधवल लढायांना ही सोय नाही. तिथे माणसानंच चौकट चौकट बघायची. हा माणूस नुसता संगणक चालवणारा असून भागणार नाही, असं माझं ठाम मत आहे. कोल्हापुरात मर्दानी खेळाचे आखाडे आजही चालतात. पट्टा कुठून सुटतो, मनगट कुठे वळतं आणि त्या वळणावर पातं उजेडाला कसं सामोरं येतं, हे तिथल्या वस्तादाला एका नजरेत कळतं. रिस्टोरेशनच्या खोलीत त्याच्यासाठी एक खुर्ची हवी.

संगणकाच्या आधी रसायनशास्त्राचं काम असतं. 1950 च्या सुमारापर्यंत चित्रपट नायट्रेटच्या फिल्मवर निघत. ती जळताना स्वतःच प्राणवायू पुरवते, त्यामुळे पाण्याखालीही विझत नाही. 8 जानेवारी 2003 रोजी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा नायट्रेट साठा पेटला आणि प्रभात फिल्म कंपनीच्या अस्सल रिळांसह फार मोठा ठेवा गेला. नायट्रेटनंतर आलेली अ‍ॅसिटेट फिल्म सहजासहजी पेटत नाही, पण सडते. हवेतली दमट वाफ तिच्यातला अ‍ॅसिटिक आम्ल म्हणजे व्हिनेगरचा अंश सुटा करते. सुटलेलं आम्ल तीच क्रिया आणखी वेगानं घडवतं. डबा बंद असेल तर वाफ आतच कोंडते आणि सड झपाट्यानं पसरते. फिल्म आखडते, वाकडी होते, कडेची भोकं दातेरी चाकात बसेनाशी होतात. 21 अंश सेल्सियस आणि 50 टक्के आर्द्रतेत ताज्या फिल्मला ही सड लागायला सुमारे 40 वर्षं लागतात, असा अमेरिकेतल्या इमेज पर्मनन्स इन्स्टिट्यूटचा अंदाज आहे. पन्हाळ्याच्या परिसरात पावसाळाभर भिंती ओलसर असतात, म्हणजे तेवढा अवधीही मिळायचा नाही. धान्य वर्षानुवर्षं टिकावं म्हणून पन्हाळ्यावर जाड भिंतींचा अंबरखाना बांधला गेला. फिल्मलाही तसाच अंबरखाना लागतो, फक्त तो थंड आणि कोरडा हवा.

सापडलेलं रीळ आधी हातानं तपासतात, फाटलेल्या कडा सांधतात, भोकं दुरुस्त करतात. मग स्कॅनिंग. यातली ओल्या खिडकीची पद्धत मला फार आवडते. फिल्मच्या पाठीवर ओरखडा असला की प्रकाश तिथे वाकडा फुटतो आणि काळी रेघ दिसते. म्हणून स्कॅन होताना फिल्म एका द्रवातून नेतात. हा द्रव प्रकाशाला जवळजवळ फिल्मइतकाच वळवतो. तो ओरखड्यात भरला की प्रकाशाला खाच जाणवतच नाही, आणि रेघ न पुसताच नाहीशी होते. ओरखडा चित्राच्या थरापर्यंत खोल गेला असेल तर मात्र हा उपाय चालत नाही.

4के स्कॅनमध्ये एका चौकटीत 4096 गुणिले 3112 ठिपके, म्हणजे सव्वा कोटीहून अधिक. एक चौकट सुमारे 50 एमबीची. दोन तासांच्या चित्रपटात 1,72,800 चौकटी असतात, म्हणजे जवळपास नऊ टीबी. आपल्यापैकी बहुतेकांनी हे चित्रपट घरी पाहिले ते व्हीसीडीवर, आणि तिथे एका चौकटीत 352 गुणिले 288 ठिपके होते. सव्वाशे पटींचा फरक. शिवाय जागा वाचवण्यासाठी व्हीसीडीत सगळी चौकट साठवत नसत. शेजारच्या चौकटीपेक्षा काय बदललं, बहुतेक वेळा तेवढंच नोंदवत. लढाई सुरू झाली की सगळंच बदलायचं, नोंद पुरायची नाही आणि तलवारीच्या जागी चौकोनी ठोकळे उडायचे. आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीत सेकंदाला 25 चौकटी. 24 च्या वेगानं घेतलेला चित्रपट त्यावर चार टक्के जलद पळे. दोन तासांचा चित्रपट पाच मिनिटं आधी संपे आणि साऱ्यांचे आवाज किंचित चढे लागत. ‘मराठा तितुका मेळवावा’ला लता मंगेशकरांनी ‘आनंदघन’ या नावानं संगीत दिलं. त्या गाण्यांचा मूळ स्वर परत मिळवणं हाही रिस्टोरेशनचाच भाग.

आवाजाची पट्टी फिल्मच्याच कडेला असते, पण प्रोजेक्टरच्या रचनेमुळे ती संबंधित चित्राच्या सुमारे 20 चौकटी पुढे छापलेली असते. म्हणून रीळ तुटून काही चौकटी गेल्या की चित्र एका जागी उडी मारतं आणि आवाज दुसऱ्याच जागी. तलवारीचा खणखणाट त्यामुळे भलत्या वारावर ऐकू येतो. अशा वेळी दुसरी प्रिंट शोधणं हाच खरा उपाय. ‘शोले’चं उदाहरण ताजं आहे. त्याच्या मूळ निगेटिव्हची दुर्दशा झाली होती. फिल्म हेरिटेज फाउंडेशननं मुंबईतल्या आणि ब्रिटनमधल्या गोदामांतून मिळालेली सामग्री जुळवून तो पुन्हा उभा केला. 2025 मध्ये इटलीतल्या बोलोन्यात तो मूळ शेवटासह दाखवला गेला.

म्हणून तुकडासुद्धा मोलाचा असतो. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या गावोगावी यात्रेत तंबू ठोकून चित्रपट दाखवले जात. त्या काळातला एखादा पत्र्याचा डबा कुणाच्या माळ्यावर निघाला, तर तो भंगारात घालू नका आणि आतलं रीळ घरच्या प्रोजेक्टरवर चढवूनही बघू नका. आखडलेली फिल्म पहिल्याच फेरीत फाटते. डबा मोकळ्या हवेत, विस्तवापासून दूर उघडा. आंबूस वास आला तर सड सुरू झाली आहे. आत चिकट थर किंवा तपकिरी भुकटी दिसली तर ती नायट्रेट असू शकते. तिला हात न लावता जाणकाराला बोलवा. डब्यावरच्या चिठ्ठीचा फोटो काढा आणि पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरच्या चित्रपट संग्रहालयाला कळवा. चिठ्ठीवर नाव नसलं तरी कळवा. फिल्मच्या कडेला कंपनीनं छापलेल्या खुणांवरून ती कोणत्या साली तयार झाली याचा माग बहुतेक वेळा लागतो.